कृत्रिम मूत्रपिंडाचे बिघाड

गोव्याच्या डिचोली तालुक्यात सुर्ला नावाचे गाव आहे. लोहखनिजाच्या पट्ट्यात वसलेल्या या गावच्या आसमंतात डोंगर पोखरून खोल उतरलेल्या खाणी आहेत. खाण एकदा भूजलाच्या पातळीखाली गेली की तिचे निम्मे भवितव्य पंपाच्या हाती जाते. खाणी जोरात चालत होत्या त्या काळात पावसाळ्याच्या रात्री पंप बंद पडला, तर खाणीचे तळे व्हावयास फार वेळ लागत नसे. अशा प्रसंगी जाणता मेकॅनिक पंप खोलावयास बसत नाही. वीज आहे काय, शोषनळी पाण्यात बुडालेली आहे काय, नळीच्या जोडातून हवा शिरते काय, तळाची जाळी गाळाने बुजली काय, हे तो आधी पाहतो. प्रत्यक्ष पंपाला हात लावण्याची पाळी बहुधा शेवटी येते. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली गोव्यातील खाणी बंद झाल्या, तेव्हा हे पंपही थांबले. परंतु बिघाडाकडे बाहेरून आत पाहत जाण्याची ही रीत एका अगदी निराळ्या यंत्राच्या बाबतीत फार मोठी किंमत मोजून जगाला शिकावी लागली. ते यंत्र म्हणजे कृत्रिम मूत्रपिंड, अर्थात डायलिसिसचे यंत्र.

मूत्रपिंडे निकामी झालेल्या मनुष्याला या यंत्राशी सामान्यतः आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी सुमारे ४ तास बांधून घ्यावे लागते. त्याच्या शरीरातील रक्त दर मिनिटाला २०० ते ४०० मिलिलिटर या वेगाने बाहेर येते, अतिशय पातळ पडद्याच्या एका बाजूने वाहते आणि परत शरीरात जाते. पडद्याच्या दुसऱ्या बाजूने क्षारयुक्त द्रावण दर मिनिटाला सुमारे अर्धा लिटर या वेगाने वाहत असते, आणि रक्तातील विषारी द्रव्ये पडद्यातून त्या द्रावणात उतरतात. अर्धा लिटरचा हिशेब ४ तासांचा केला, तर एका बैठकीला १२० लिटर होतात. निरोगी मनुष्य दिवसाकाठी दोनतीन लिटर पाणी पितो आणि तेही आतड्यांच्या पहाऱ्यातून रक्तात पोचते. येथे शेकडो लिटर पाणी आणि रक्त यांच्यामध्ये एका पडद्याखेरीज काही नसते. विषाला जशी बाहेर जावयास वाट असते, तशीच ती आत यावयासही असते. या यंत्राचे सारे वैशिष्ट्य आणि सारे भय या एका गोष्टीत साठलेले आहे.

कृत्रिम मूत्रपिंडाचा इतिहास शोधांच्या अंगाने पुष्कळदा सांगितला जातो. परंतु तो बिघाडांच्या अंगाने सांगितला तर अधिक उलगडतो. आजच्या यंत्रावर जे दिवे लागतात आणि ज्या घंटा वाजतात, त्यांतील जवळजवळ प्रत्येकीच्या मागे कोठल्या तरी गावच्या रुग्णालयातील एखादी भीती उभी आहे.

थॉमस ग्रॅहम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८६१ साली चर्मपत्रासारख्या पडद्यातून स्फटिकरूप द्रव्ये आरपार जातात आणि चिकट द्रव्ये अडकून राहतात, हे दाखवून या क्रियेला ‘डायलिसिस’ हे नाव दिले. १९१३ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉन एबेल व त्याचे सहकारी यांनी कोलोडियनच्या नळ्यांतून कुत्र्याचे रक्त खेळविले. रक्त गोठू नये म्हणून ते जळवांपासून काढलेले द्रव्य वापरीत. पुढे पहिले महायुद्ध पेटले, युरोपातून येणाऱ्या जळवा मिळेनाशा झाल्या आणि हे काम खोळंबले. परदेशी माल न आल्यामुळे यंत्र बंद पडावे, ही कथा आपल्याकडील रुग्णालयांना नवी वाटणार नाही. ती यंत्राच्या जन्माइतकीच जुनी आहे. मनुष्यावर पहिला प्रयोग १९२४ साली जर्मनीतील गीसेन येथे गेओर्ग हास याने केला. तो जेमतेम पाव तास चालला.

खरे यंत्र उभे राहिले ते दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या ताब्यातील हॉलंडमध्ये. काम्पेन या लहानशा गावच्या रुग्णालयात विलेम कोल्फ नावाचा तरुण डॉक्टर होता. सॉसेज भरण्यासाठी वापरतात ती सेलोफेनची नळी त्याने घेतली. गावातील एनॅमलच्या कारखान्याचा संचालक हेंड्रिक बेर्क याच्या साहाय्याने एक आडवे पिंप करविले आणि त्या पिंपाभोवती ही कित्येक मीटर लांबीची नळी गुंडाळली. पिंप द्रावणाच्या टाकीत अर्धे बुडलेले असे. ते फिरू लागले की नळीतील रक्त स्वतःच्या वजनाने खालच्या बाजूस राही आणि वेढ्यावेढ्याने पुढे सरके. कल्पना उत्तम होती, पण रक्त स्थिर असलेल्या रुग्णाकडून फिरत्या पिंपात जावयाचे आणि पुन्हा स्थिर नळीत यावयाचे, तर मधला सांधा गळल्यावाचून राहतो कसा? हे कोडे सोडवावयास कोणताही वैद्यकीय ग्रंथ उपयोगी पडला नाही. फोर्ड मोटारीच्या पाण्याच्या पंपात फिरता दांडा आणि स्थिर भाग यांच्यामधून पाणी गळू नये अशी योजना असते, ती पाहून कोल्फने आपला सांधा बनविला. म्हणजे कृत्रिम मूत्रपिंडाची पहिली मोठी दुरुस्ती मोटारीच्या वर्कशॉपातून आली.

१९४३ साली कोल्फने पहिल्या रुग्णावर उपचार केले. त्या यंत्राला घंटा नव्हती, दिवा नव्हता. सेलोफेन फाटले की रक्त द्रावणात उतरे आणि टाकीतले पाणी लाल होई. ते पाहणारा डोळा हाच धोक्याचा इशारा. पहिल्या १६ रुग्णांपैकी यंत्रामुळे जगला असे निःशंकपणे म्हणता येईल असा एकही नव्हता. १९४५ च्या सप्टेंबरात ६७ वर्षांची एक स्त्री बेशुद्धावस्थेत आली आणि उपचारानंतर शुद्धीवर आली, तेव्हा कुठे यंत्र खरे ठरले. युद्ध संपल्यावर कोल्फने आपली यंत्रे इतर देशांतील रुग्णालयांना देऊन टाकली. एवढ्या अपयशानंतर आपले यंत्र दुसऱ्याच्या हाती तपासावयास देणे, हा त्याच्या स्वभावाचा मोठेपणा म्हणावा लागेल.

तरीही १९६० पर्यंत हे यंत्र काही दिवसांच्या संकटापुरतेच उपयोगी होते. दर वेळी रक्तवाहिनी नव्याने उघडावी लागे आणि वाहिन्या लवकरच संपून जात. सिअ‍ॅटल येथील बेल्डिंग स्क्रिब्नर या डॉक्टरने हातावर कायमची बसविता येईल अशी टेफ्लॉनची नळी योजिली आणि ती रुग्णालयाच्या उपकरणशाळेतील वेन क्विंटन याने घडविली. १९६० च्या मार्चमध्ये ही नळी ज्याच्या हातात प्रथम बसविली, तो क्लाईड शील्ड्स हा बोइंग कंपनीतील यंत्रकारागीर होता. तो पुढे ११ वर्षे जगला. जगाच्या इतिहासात कायमच्या डायलिसिसवर जगलेला पहिला मनुष्य यंत्रावर हात चालविणारा असावा, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

सिअ‍ॅटलमध्येच बिघाडांच्या शास्त्राला आरंभ झाला. प्रारंभी तेथे द्रावण मोठ्या टाकीत एकदम कालवून ठेवीत. ते थंड राहावे, त्यात जंतू वाढू नयेत म्हणून ३८० लिटरची टाकी आइसक्रीमची यंत्रे बनविणाऱ्या एका स्थानिक कंपनीकडून करवून घेतली होती. रुग्ण वाढले तशा टाक्या अपुऱ्या पडू लागल्या. तेव्हा लेस बॅब नावाच्या अभियंत्याने तीव्र द्रावण आणि पाणी ठरलेल्या प्रमाणात सतत मिसळणारी योजना आखली. पण येथे एक अडचण होती. रक्ताला हवा असलेला बायकार्बोनेट आणि हवे असलेले कॅल्शियम ही दोन्ही एका तीव्र द्रावणात घातली, तर त्यांचा खडूसारखा पांढरा साका बसतो. चुनखडीच्या पाण्याने किटलीला जो थर धरतो, तोच हा साका नळ्या आणि पंप बुजवून टाकतो. १९६४ च्या सुमारास यावर तोड निघाली ती अशी की, बायकार्बोनेट काढून टाकून त्याच्या जागी अ‍ॅसिटेट घालावे. शरीर अ‍ॅसिटेटचे बायकार्बोनेट करून घेते. यंत्र सुखी झाले, रुग्ण मात्र नेहमी झाला नाही. उपचार जलद होऊ लागले तेव्हा पुष्कळांना अ‍ॅसिटेटमुळे रक्तदाब उतरणे, मळमळणे असा त्रास होऊ लागला. पुढे १९८० नंतरच्या दशकात बायकार्बोनेट परत आला. आता ‘ए’ आणि ‘बी’ अशी दोन तीव्र द्रावणे दोन वेगळ्या कॅनांतून घेऊन यंत्राच्या पोटात अगदी शेवटी मिसळली जातात. साका आजही थोडाफार बसतोच, म्हणून यंत्राला आम्लाने वेळोवेळी धुवावे लागते. जे केंद्र ही धुलाई चुकविते, त्याच्या यंत्रात काही महिन्यांनी अनाकलनीय वाटणारे बिघाड सुरू होतात. त्यांत अनाकलनीय असे काही नसते.

बॅबच्याच हातून १९६४ साली घरात ठेवण्याजोगे यंत्र तयार झाले. रुग्णालयात परिचारिका शेजारी जागी असते. घरी रात्री रुग्ण झोपणार, घरची माणसे झोपणार. मग पाहील कोण? यंत्रानेच यंत्राकडे पाहावे, ही गरज येथे तीव्रतेने भासली. द्रावणाची वाहकता, त्याचे तापमान, नळीतील दाब, द्रावणात उतरलेले रक्त, या सर्वांवर पहारेकरी बसविण्याची परंपरा त्या यंत्राने रूढ केली. आजच्या यंत्राची घंटा ही अशी झोपलेल्या घरासाठी जन्मली.

या पहारेकऱ्यांचे दोन गट आहेत, आणि बिघाड शोधणाऱ्या तंत्रज्ञाचा पहिला प्रश्न हाच असतो की घंटा कोणत्या गटाची वाजली. रक्ताच्या बाजूची घंटा वाजली, म्हणजे दाब एकाएकी वाढला किंवा पडला, अथवा नळीत हवेचा बुडबुडा आला, तर यंत्र रक्ताचा पंप थांबविते आणि परतीच्या नळीला चिमटा लावून बंद करते. कारण हवा रक्तात गेली तर ती प्राणघातक ठरते. द्रावणाच्या बाजूची घंटा वाजली, म्हणजे वाहकता बिघडली किंवा तापमान चढले, तर रक्त फिरत राहते, पण द्रावण पडद्याला न भेटता सरळ गटाराकडे वळविले जाते. तापमानाचे भय साधे नाही. द्रावण ४२ अंशांच्या वर गेले तर तांबड्या पेशींना इजा होऊ लागते. द्रावणात क्षार फार कमी पडले तर त्या फुगून फुटतात आणि फार झाले तर आक्रसतात. वाहकतेचा काटा म्हणून नाडीइतकाच महत्त्वाचा.

समजा, हा वाहकतेचा काटा खाली आला आणि घंटा वाजू लागली. नवशिक्याची पहिली शंका यंत्राच्या पोटातील इलेक्ट्रॉनिक पाटीवर जाते, कारण ती सर्वांत महाग आणि सर्वांत गूढ. अनुभवी तंत्रज्ञ कॅनकडे पाहतो. कॅन रिकामा आहे काय? शोषदांडी तळापर्यंत पोचली आहे काय? ‘ए’ची दांडी ‘बी’त तर गेली नाही? बायकार्बोनेटची पूड पूर्ण विरघळली होती काय? मग तो नळीच्या जोडातील रबरी चकती पाहतो, कारण तेथून हवा ओढली जात असेल तर पंप फिरतो आणि द्रावण मात्र पुरेसे येत नाही. सुर्ल्याच्या खाणीवरचा जुना मेकॅनिकही येथे चुकणार नाही. नंतर जाळी, नंतर पंप, नंतर वाहकता मोजणारा संवेदक, आणि या सर्वांनंतर पाटी. रक्त गळतीची घंटा विनाकारण वाजत असेल, तर पुष्कळदा प्रकाशकिरण ज्या काचेतून जातो ती काच मळलेली असते किंवा द्रावणात बुडबुडे असतात. हवेची घंटा वारंवार वाजत असेल, तर नळीतल्या कोशात रक्ताची पातळी खाली आलेली असते. हे सारे लहान दोष. परंतु लहान दोषांनी वाजणाऱ्या घंटेचा एक मोठा दोष आहे. ती दहा वेळा खोटी वाजली की अकराव्या वेळी तिच्याकडे लक्ष जात नाही. घंटा बंद करण्याचे बटण दाबणे आणि घंटेचे कारण शोधणे यांत जे अंतर आहे, त्यात माणसे दगावलेली आहेत.

यापेक्षाही वाईट म्हणजे काटा दुरुस्त करणे. वाहकता कमी दिसते म्हणून कारण न शोधता यंत्राची मोजणीच जुळवून दिली, तर काटा योग्य आकड्यावर येतो आणि रुग्णाच्या अंगात मात्र चुकीचे द्रावण जात राहते. यासाठी नियम असा आहे की यंत्राची साक्ष यंत्रालाच विचारावयाची नाही. द्रावणाचा नमुना बाहेर काढून निराळ्या, प्रमाणित मापकाने तपासावयाचा. दोन आकडे जुळले तरच यंत्र खरे.

आता सर्वांत गंभीर प्रकरणाकडे वळावयास हवे. यंत्रावर इतके पहारेकरी बसविल्यानंतरही माणसे आजारी पडली आणि मेली, आणि त्या वेळी एकही घंटा वाजली नाही. कारण बिघाड यंत्रात नव्हता. तो नळाच्या पाण्यात होता.

१९६७ साली अमेरिकेत काही रुग्णांना यंत्रावर असताना मळमळ, अंगाचा दाह आणि रक्तदाबाची वाढ होऊ लागली. पाणी मऊ करणारी टाकी निकामी होऊन कॅल्शियम व मॅग्नेशियम द्रावणात आले होते. यास ‘जड पाण्याचा विकार’ असे नाव पडले. त्यानंतर लवकरच नगरपालिका पाण्यात घालतात त्या क्लोरामीनने तांबड्या पेशी फुटतात असे दिसून आले. पाणी उकळून यावर इलाज होत नाही. ते कोळशाच्या टाकीतून न्यावे लागते, आणि कोळशाची शक्ती संपली की पाणी दिसावयास तसेच स्वच्छ, चवीलाही तसेच, पण रुग्णाला घातक होते. म्हणून दोन टाक्या एकापुढे एक ठेवतात आणि पहिलीच्या पुढचे पाणी दर पाळीला तपासतात. पहिली हरली तरी दुसरी तोपर्यंत उभी असते.

१९७२ च्या सुमारास डेन्व्हर येथील आल्फ्री या डॉक्टरने एक विचित्र रोग नोंदविला. दीर्घकाळ डायलिसिसवर असलेले रुग्ण आधी अडखळत बोलू लागत, मग त्यांना झटके येत, स्मृती जाई आणि काही महिन्यांत मृत्यू येई. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे रुग्णांची हाडे ठिसूळ होऊन मोडत. दोहोंच्या मुळाशी अ‍ॅल्युमिनियम निघाले. ते आले होते कोठून? गढूळ पाणी निवळावे म्हणून जलशुद्धीकरण केंद्रात घालतात त्या तुरटीतून. आपल्याकडे पावसाळ्यात हंड्यात तुरटी फिरविणे हा पिढ्यांचा परिपाठ आहे आणि पिणाऱ्याला त्याचे भय नाही, कारण आतडी अ‍ॅल्युमिनियम फारसे आत घेत नाहीत आणि धड मूत्रपिंडे उरलेले बाहेर टाकतात. डायलिसिसच्या रुग्णापाशी या दोन्ही रक्षकांपैकी एकही नसतो. म्हणून त्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक अ‍ॅल्युमिनियम चालत नाही. पोर्तुगालमधील एव्होरा येथे १९९३ साली, अवर्षणाच्या दिवसांत, रुग्णालयाच्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम वाढले आणि अनेक रुग्ण दगावले. त्याच वर्षी शिकागोत पाणी शुद्ध करणाऱ्या राळेची शक्ती संपली आणि तिने अडवून ठेवलेले फ्लोराइड एकदम सोडून दिले. १२ जण आजारी पडले, ३ मेले.

यापुढची घटना तर बिघाड आणि दुरुस्ती यांची व्याख्याच बदलावयास लावते. कॅरिबियन समुद्रात कुरासाव नावाचे बेट आहे, आणि ते कोल्फच्याच देशाच्या राज्यातले. तेथे समुद्राचे पाणी गोडे करून नळाने पुरवितात. १९९६ साली डायलिसिस केंद्राकडे जाणारी मुख्य वाहिनी बदलण्यात आली आणि नव्या नळाच्या आत सिमेंटचा थर होता. क्षार काढून टाकलेले पाणी असे भुकेले असते की ते भेटेल त्यातून काही ना काही विरघळवून घेते. त्याने सिमेंटमधील अ‍ॅल्युमिनियम उचलले आणि कित्येक रुग्णांचा अंत झाला. यंत्राला दोष नव्हता. नळ बसविणाऱ्यानेही आपले काम नीट केले होते. रस्त्यात नळ बदलला ही वार्ता मात्र वेळीच केंद्रापर्यंत पोचावयास हवी होती.

त्याच वर्षी फेब्रुवारीत ब्राझीलमधील कारुआरू गावी पाण्याची टंचाई होती. डायलिसिस केंद्राला टँकरने पाणी येई, आणि ते धरणातील असून पुरेसे शुद्ध केलेले नव्हते. धरणात हिरवा शेवाळी थर वाढला होता आणि त्या थरातील सूक्ष्म जीवांनी सोडलेले यकृतनाशक विष पाण्यात उतरले होते. केंद्रातील १३० पैकी ११६ रुग्ण आजारी पडले आणि ५० हून अधिक मृत्यू पावले. टँकर आणि उन्हाळा हे शब्द उच्चारले की महाराष्ट्रातील वाचकाला ब्राझील फार दूर वाटू नये. गोव्याच्या लाल चिऱ्याच्या मुलुखाचीही स्वतःची तऱ्हा आहे. तेथील विहिरींच्या पाण्यात लोहाचा अंश असतो, आणि लोह पाणी गाळणाऱ्या आर. ओ. यंत्राच्या पडद्यावर तांबूस थर धरते. पावसाळ्याच्या पहिल्या गढूळ लोंढ्यात शुद्धीकरण केंद्राला तुरटी आणि क्लोरीन यांची मात्रा वाढवावी लागते. त्या दिवसांत डायलिसिस केंद्राने पाण्याची तपासणी वाढविली नाही, तर घंटा न वाजता अपघात होण्याची वाट मोकळी राहते.

भारतात कृत्रिम मूत्रपिंड आले ते साठीच्या दशकाच्या आरंभी, वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात. मुंबईतही पुढे मोठ्या रुग्णालयांतून त्याची सोय झाली. परंतु सामान्य मराठी वाचकाच्या कानी ‘डायलिसिस’ हा शब्द प्रथम पडला तो बहुधा जयप्रकाश नारायण यांच्या आजारपणात. १९७५ साली आणीबाणीतील बंदिवासात त्यांची प्रकृती ढासळली, सुटकेनंतर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणण्यात आले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निष्पन्न झाले. त्यांच्यासाठी यंत्र विकत घ्यावे म्हणून लोकांनी वर्गणी जमविली. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी पाठविलेली रक्कम मात्र त्यांनी स्वीकारली नाही. १९७९ च्या ऑक्टोबरात पाटण्यास त्यांचे निधन झाले, तोपर्यंत ते डायलिसिसवर होते. वर्गणीने यंत्र मिळते. पण घरात यंत्र नेणे म्हणजे शुद्ध पाणी, न खंडणारी वीज आणि हाकेसरशी येणारा तंत्रज्ञ हे तिन्ही घरात नेणे होय. मोठ्या माणसाच्या बाबतीत हे साधते. इतरांच्या बाबतीत यंत्र एकटेच येते.

पुढील काळात कितीतरी इस्पितळांना देणगीदाखल यंत्रे मिळाली आणि त्यांतील काही एखाद्या सांध्याच्या रबरी चकतीसाठी किंवा झिजलेल्या पंपासाठी कोपऱ्यात पडून राहिली. २०१५ साली राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली सरकारी रुग्णालयांतील उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा राज्याराज्यांतून केलेल्या मोजणीत १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद असल्याचे आढळले. २०१६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, आणि त्याच वेळी डायलिसिसच्या उपकरणांच्या काही सुट्या भागांवरील आयातकर माफ करण्यात आला. वृत्तपत्रांतून पहिल्या गोष्टीची चर्चा पुष्कळ झाली, दुसरीची फार थोडी. वास्तविक दुसरी अधिक दूरदृष्टीची होती. यंत्र एकदा विकत घेतले जाते, सुटे भाग मात्र त्याच्या आयुष्यभर लागतात.

गोव्यात १८४२ साली पणजीत स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेचे १९६३ साली गोवा वैद्यकीय महाविद्यालयात रूपांतर झाले, आणि पुढे ते बांबोळीच्या पठारावर गेले. मूत्रपिंडाचा विकार गोव्याला परका नाही. काणकोण तालुक्यात तर तो इतक्या लोकांना झालेला आहे की त्याच्या कारणांचा शोध हा संशोधकांचा वर्षानुवर्षांचा विषय होऊन बसला आहे. सुर्ल्यासारख्या गावातून डायलिसिससाठी निघणाऱ्या मनुष्याच्या दृष्टीने यंत्र बंद असल्याचा निरोप म्हणजे केवळ फुकट गेलेला हेलपाटा नव्हे. दोन दिवसांचे पाणी त्याच्या अंगात साठलेले असते, रक्तातील पोटॅशियम वाढत असते आणि त्याने हृदय अवचित थांबू शकते. म्हणून बिघाडाची वाट न पाहता ठरलेल्या तासांनी पंपाच्या नळ्या, चकत्या आणि गाळण्या बदलणे हे दुरुस्तीचेच काम समजले जाते, आणि एखादे यंत्र राखीव ठेवणे ही चैन मानली जात नाही.

वीज गेली तर काय करावयाचे, याचे उत्तर मात्र इतक्या वर्षांत फारसे बदललेले नाही. यंत्रातील बॅटरी पाव ते अर्धा तास रक्ताचा पंप चालवू शकते. तीही संपली तर पंपाला हाताने फिरवावयाचा दांडा असतो. यंत्राचे पहारेकरी त्या वेळी झोपलेले असल्यामुळे परतीच्या नळीत हवा येत नाही ना, हे फिरविणाऱ्याने डोळ्यांनी पाहत राहावयाचे आणि रुग्णाचे रक्त सावकाश त्याच्या अंगात परत द्यावयाचे. काम्पेनमध्ये १९४३ साली टाकीच्या पाण्याकडे लागलेला डोळा तो हाच.

दुरुस्ती संपली म्हणजे काम संपले असे होत नाही. उघडलेले यंत्र निर्जंतुक करावे लागते आणि निर्जंतुक करणारे औषध पूर्ण धुऊन गेले की नाही हे कागदी पट्टीने पाहावे लागते, कारण उरलेले औषध हेही विषच. मग पडद्याच्या जागी रिकामी जोडणी ठेवून यंत्र चालवितात. हवेची, तापमानाची आणि रक्तगळतीची घंटा मुद्दाम वाजवून पाहतात आणि चिमटा खरोखर बसतो काय हे तपासतात. द्रावणाचा पेलाभर नमुना काढून बाहेरच्या मापकाने मोजतात. कोणता भाग बदलला, आधी आकडा काय होता आणि नंतर काय आला, हे वहीत लिहून तंत्रज्ञ सही करतो. त्याखाली दुसरी सही परिचारिकेची पडते आणि मग बाहेर बाकावर बसलेल्या रुग्णाला आत बोलावतात.